नळीचा मान

दीपमालाबाईंच्या हातच्या मटणाचं मांजरी गावात नाव आहे. जत्रा असो, जावळ असो, आधी त्यांना निरोप जातो आणि मग बोकड ठरतो. "वहिनींच्या हाताला चव हाय," असं म्हणत माणसं बोटं चाटतात. त्याच मटणातली नळी कशी लागते, हे मात्र वहिनींना ठाऊक नव्हतं. नळी, म्हणजे मांडीचं ते मगजाने भरलेलं हाड, घरातल्या पुरुषाचं. माहेरी ती वडिलांची, मग भावाची. सासरी आल्यावर सासऱ्यांची, ते गेल्यावर नवऱ्याची, आणि दुसरी निघाली तर मुलाची. बायका मागून बसायच्या. तोवर पातेल्यात रस्सा, दोन बटाटे आणि मानेची हाडं उरलेली असायची. हा नियम कुणी केला, विचारा. कुणीच केलेला नसतो. म्हणून तर भांडायलाही कुणी सापडत नाही.

त्यांची सून तनुजा खराडीला एका कंपनीत कामाला. सुट्टीच्या दिवशी ती फोनवर कोरियन मालिका बघे आणि त्यांतले पदार्थ सासूला दाखवी. एकदा तिने एक व्हिडिओ लावला. एका बाईने मांसाचा सबंध, तळव्याएवढा तुकडा लाल तिखट मसाल्यात घोळवून तव्यावर परतला, वर अर्धकच्चं अंडं सोडलं, ताट स्वतःपुढे ओढलं आणि खायला लागली.

"ह्ये किती जणांचं?" दीपमालाबाईंनी विचारलं.

"एकाचंच, आई. स्टेक ज्याचा त्याचा असतो. वाटून नाही खात."

"आन् जिनं केलं तीच खाती? पयली?"

तनुजा हसली. दीपमालाबाई हसल्या नाहीत. त्यांनी तो व्हिडिओ आणखी दोनदा लावायला सांगितला. नंतर भांडी घासताना त्या उगाचच आदळआपट करत होत्या, आणि राग कशाचा ते त्यांनाही सांगता आलं नसतं. शेवटी जाहीर केलं, की येत्या रविवारी घरात हेच होणार. माणसं चार, तुकडे चार. एक त्यांचा.

रविवारी मटणाच्या रांगेत त्या स्वतः उभ्या राहिल्या. खाटकाने सवयीने मांडीवर सत्तूर उगारला, तेवढ्यात त्यांनी हात आडवा घातला. मांडी आडवी कापायची, बोटभर जाड, नळीसकट, आणि हाड फुटलं तर घेणार नाही, असं त्यांनी बजावलं. तो म्हणाला, वहिनी, असं चावायला दात लोखंडाचे लागतील. त्यांनी त्याला सांगितलं, की आपल्या दातांची काळजी त्याने करू नये.

चार गोल चकत्या, प्रत्येकीच्या मधोमध नळी. कच्च्या पपईचा कीस सालासकट चोळून त्यांनी त्या दोन तास ठेवल्या. तनुजाने सोया सॉस आणि कोरियन तिखटाची लाल डबी आणली होती. त्यात त्यांनी आलं, ठेचलेला लसूण, तिळाचं तेल घातलं. व्हिडिओत साखर होती; ऊस पिकवणाऱ्या घरात बरणीभर काकवी असताना साखर कशाला, म्हणून त्यांनी काकवी घातली. मागच्या पडवीत वशाटासाठी, म्हणजे मटण-मासळीसाठी, वेगळ्या ठेवलेल्या शेगडीवर जाड बिडाचा तवा तापला, चकती पडली आणि काकवी जळल्याचा असा खमंग वास सुटला, की तनुजा फोन विसरून बघत राहिली. चार ताटं, चार चकत्या, वर चार अंडी, तिळाची चिमूट. सगळ्यांत मोठ्या नळीची चकती दीपमालाबाईंनी स्वतःच्या ताटात ठेवली. मुद्दाम ठेवली.

तेवढ्यात दारात गाडी वाजली. रंगरावांचा आवाज आला, "बापूराव जेवायला हायेत. एक ताट वाढव."

हे रंगराव म्हणजे नवरा. दर दुसऱ्या रविवारी कुणाला तरी धरून आणायची त्यांची रीत. एरवी अडत नसे. रश्शात तांब्याभर पाणी, चिमूटभर मीठ, की पाच काय, आठ जेवत. आज रस्साच नव्हता.

बापूराव टेबलाशी बसले. आणि दीपमालाबाईंनी आपलं ताट उचललं आणि त्यांच्यापुढे ठेवलं. कुणी सांगितलं नव्हतं. कुणी नुसतं बघितलंही नव्हतं. हात आपला आपण गेला. जित्याची खोड ती. ताट टेकल्यावर त्यांना कळलं आपण काय केलं, आणि तळपायाची आग मस्तकात गेली. नवऱ्याचा राग आला, पाहुण्याचा आला, पण त्याहून जास्त त्या हाताचा आला.

रंगरावांनी समाधानाने मान डोलावली. "बरं केलं. आन् तुला काय, अंडं कर की एखादं."

झालं. त्यांनी रंगरावांच्या पुढचं ताट उचललं.

"पाव्हणा तुमचा," त्या म्हणाल्या. "तवा ताट तुमचं गेलं."

"लोकांसमोर काय लावलंय?"

"लोकांसमोरच वाढत आलेय एकतीस वर्षं."

मुलगा विश्वजीत आपलं ताट वडिलांकडे सरकवायला निघाला, तेव्हा तनुजाने त्याचा हात दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने सासूसाठी खुर्ची ओढली. बापूराव पाण्याच्या तांब्याकडे बघू लागले. एकतीस वर्षांत पहिल्यांदा दीपमालाबाई गरम जेवायला बसल्या. अंडं फोडलं, पिवळं मटणावर ओघळलं. मटण लुसलुशीत झालं होतं. खाटकाला दाखवायला हवं होतं.

मग त्यांनी नळी उचलली आणि ताटावर ठोकली. टक्, टक्. या घरात हा आवाज नेहमी दुसऱ्याच्या ताटातून यायचा. मगज ताटात पडला. शेंगदाण्याएवढा. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. आणखी असेल म्हणून पुन्हा ठोकली. नव्हता. तेवढा जिभेवर ठेवला. चांगला लागला, आणि चांगला लागला म्हणूनच त्यांचे डोळे रागाने भरून आले.

"एवढंच असतं व्हय ह्यात?" त्यांनी रंगरावांना विचारलं.

रंगरावांनी तांब्या पुढे ओढला.

"मग एकदा दिलं असतं तर काय सरलं असतं?"