मंडळाचं शिंगरू

शिंगरू पाठीवर लोळत होतं, चारी पाय वर, आणि मला वाटलं खेळतंय. मग ते उठलं, स्वतःच्याच पोटाकडे वळून वळून बघायला लागलं आणि धप्पकन पुन्हा पडलं. दात करकर वाजत होते त्याचे. बाबागाडीत माझी मुलगी टाळ्या पिटतेय, माझ्या एका हातात बाबागाडी, दुसऱ्यात फोन, आणि फोन कुणाला करू तेच सुचेना.

ते तिथे आलं कसं ते सांगते. आमच्या मँचेस्टरच्या मराठी मंडळाची ट्रिप वेल्सला गेलेली. तिथे डोंगरावर रानटी घोडे असतात, बुटके, केसाळ. थंडीच्या आधी त्यांना खाली हाकून आणतात, बाजार भरतो. नर पिल्लांना गिऱ्हाईक नसतं, ती कत्तलखान्याच्या लॉरीत चढतात. हे कळल्यावर बायकांच्या डोळ्यांत पाणी, पुरुषांची भाषणं, आणि उभ्या उभ्या वर्गणी काढून मंडळाने एक तपकिरी शिंगरू सोडवलं. फोटो असे काढले की त्यात शिंगरू कमी आणि गॉगल जास्त.

आता ठेवायचं कुठे? आमच्या घरामागे, ट्रामच्या शेवटच्या स्टॉपच्या पलीकडे, एका गोऱ्या म्हातारीचं फील्ड होतं, कुंपण घातलेलं गवताचं रान. बघायचं कुणी? मंडळाचे अध्यक्षकाका मला म्हणाले, "तू घरीच असतेस ना, तुझं काय जातंय?" माझी दहावी राहिलेली, नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, मंडळात मी चहाचे कप उचलायला. हो म्हटलं.

म्हातारीने एकच बजावलं होतं, हे डोंगरातलं जनावर आहे, याला गवत आणि पाणी, बाकी काही द्यायचं नाही. मी ते मंडळात सांगितलं तर काका हसलेच. "अगं, घोड्याला हरभरा देतात हे शेंबड्या पोराला पण ठाऊक असतं. आम्हाला घोडा शिकवतेस?" काकांनी घोडा पाहिला तो स्वतःच्या वरातीत, तोही वर बसून. म्हणजे मानच दिसली असणार.

मग त्या दिवशी दिवाळीचा कार्यक्रम आटोपून सगळं मंडळ फील्डवर आलं. प्रत्येकीच्या हातात डबा. भिजवलेले हरभरे, वर गूळ. प्रत्येकीला वाटतंय आपणच काय ते आणलंय. मी फाटकाशी, "काकू, नका ना, त्याचं पोट फुगेल."

"खाऊ दे गं गरिबाला. सण आहे."

आणि रेशमी साड्या चिखलाच्या वर धरून, फोटो काढून सगळे गेले. मग हे असं.

मी म्हातारीला फोन लावला, तिने व्हेटला, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरला बोलावलं. मी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, शिंगरू मरतंय, या. निळ्या खुणा भराभर आल्या, माणूस एक नाही. शेवटी काकांचा फोन. "हे बघ, मंडळाचं नाव कुठे देऊ नकोस. आणि फार हाल होत असतील तर इंजेक्शन द्यायला सांग. सुटेल बिचारं."

कत्तलखान्याच्या लॉरीवाल्याने निदान बिचारं तरी म्हटलं नसतं.

व्हेट आली, पोटाला कान लावला, म्हणाली वाचेल कदाचित, पण मालकाने हो म्हणायला पाहिजे. मालक कोण? नवऱ्याने मला शंभरदा सांगितलेलं, या देशात कशावर सही करायची नाही. "माइन," मी म्हणाले आणि सही केली. तिने नाकातून नळी घातली. मग मी त्याला दोरीने फिरवत राहिले, चिखलात, मुलगी कडेवर. शेवटी त्याने लीद टाकली, तर मी त्या लिदीपाशीच बसून रडले. व्हेट जाताना म्हणाली, पुन्हा असं झालं तर हे उठणार नाही.

आता संक्रांत. ग्रुपवर कालपासून शिंगरूचे फोटो, 'आपल्या मंडळाने दिलेलं जीवदान'. लाज म्हणून नाहीच. आज सगळे फाटकाशी. काकांच्या हातात हार, काकूंच्या हातात डबा. झाकण उघडं, आत हरभरेच, वर तिळगूळ. मी आतून कुलूप लावलेलं, किल्ली माझ्या मुठीत.

"उघड गं," काका म्हणाले. "मंडळाचं आहे ते."

"माझं आहे काका. सही माझी आहे."

"वा! कप उचलता उचलता मालकीण झाली!" कुणीतरी हसलं. सगळेच हसले.

नवरा त्यांच्यातच उभा, मान खाली. आमचं घर काकांच्याच ओळखीने मिळालेलं, उद्या ते सोडायला सांगतील. तो हळूच म्हणाला, "उघड ना. तमाशा नको." आणि मागून ते खुळं शिंगरू, गुळाचा वास आला तसं, माझ्या खांद्यावरून डब्याकडे मान लांबवतंय.

तुम्ही काय केलं असतं? उघडलं असतं फाटक?