नऊ शेळ्या, एक बोकड आणि सगळ्यांनी ऐकलेला भाव

सुजाताचा फोन आला तेव्हा मी कोकणातल्या एका होमस्टेची चौकशी करत होते. तिने विचारलं, "जानेवारीत काय करायलीस?" म्हटलं, अजून काही ठरलेलं नाही. "मग इकडं ये. शेळ्या घ्यायला जायचंय."

नवऱ्याला सांगितलं तर तो पोट धरून हसला. मुलीने विचारलं, "फोटो कशाचे टाकणार, लेंड्यांचे?" त्याच संध्याकाळी मी परभणीचं तिकीट काढलं.

सुजाता माझी होस्टेलची मैत्रीण, जनावरांची डॉक्टर. नोकरी पालम तालुक्यात आणि तिचं स्वतःचं गावही तिथूनच जवळ. गावातल्या बायकांच्या बचत गटाने 'शेळी बँक' काढायची ठरवली होती. गट शेळ्या विकत घेणार आणि एकेकीला एकेक गाभण शेळी सांभाळायला देणार. दूध तिचं, लेंडीखत तिचं, बोकड झाला तर तोही तिचा. पण पहिली पाट, म्हणजे मादी पिल्लू, मोठी झाली की ती पुढच्या बाईला द्यायची. मग मूळ शेळी कायमची हिची. असं करत शेळ्या गावभर पोचवायच्या.

ऐकायला हे सोपं वाटतं. पण या बायका दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. अर्धं वर्ष उसाच्या फडात, पालात राहायचं, पहाटे कोयता हातात घ्यायचा. यंदा या योजनेच्या भरवशावर त्यातल्या नऊजणी गावातच थांबल्या होत्या. घरची बाकीची माणसं गेली होती. शेळ्यांचं जमलं नाही तर या बायका काय करणार, हे मी सुजाताला विचारलं. ती म्हणाली, "म्हणून तर बोलावलं तुला. मला भीती वाटायलीय."

पहिला दिवस

परभणीला सकाळी उतरलात तर घाईने बस पकडू नका. स्टँडजवळच्या टपरीवर सुशीला खा. चुरमुऱ्यांची ही फोडणी पुण्या-मुंबईकडे मिळत नाही, आणि मिळाली तरी तिला ही चव नसते. वर शेंगदाणे, बाजूला तळलेली मिरची. चहा धरून पन्नास रुपयांत पोट भरतं. पुढे एसटीने गंगाखेडमार्गे पालम. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे बसमध्ये आमचंच राज्य होतं. गंगाखेडला गोदावरीच्या पुलावर बस आली की शेजारची बाई बोलता बोलता थांबते, हात जोडते आणि मग अर्धवट राहिलेलं वाक्य पूर्ण करते.

दोन्ही बाजूंना काळी जमीन, कणसावर आलेली ज्वारी, काढणी झालेल्या तुरीचे ढीग. रस्ता बहुतेक चांगला, मध्ये काम चालू असलेला एक पट्टा सोडला तर. पाठदुखी असेल तर शेवटच्या सीटवर बसू नका.

माझ्या शेजारणीने चौकशी केली, "कुठं चाललाव?"

"पालमला. शेळ्या घ्यायला."

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझ्या बुटांवर तिची नजर थोडा जास्त वेळ थांबली. "घ्या की," ती म्हणाली, "पर दात बघून घ्या."

पालमहून सुजाताच्या स्कूटरवरून गाव गाठलं. संध्याकाळी तिच्या अंगणात गट जमला. गटाच्या अध्यक्ष रुक्मिणबाई, पन्नाशीच्या, उंच, आवाज खणखणीत. सगळ्यात लहान लता, कडेवर वर्षाचं लेकरू. शेळी आधी कुणाला हे ठरवायचं होतं आणि मला वाटलं आता भांडण होणार. पण रुक्मिणबाईंनी सुरुवातच अशी केली, "मला दुसऱ्या फेरीत द्या. जिला घरात लेकरू हाय अन् रान न्हाई, तिला आधी."

"अन् पहिल्या फेरीच्या बाईनं पाट दिलीच न्हाई तर?" मागून कुणीतरी विचारलं.

"तर माझं नुकसान झालं म्हणीन," त्या म्हणाल्या. "पर मीच भरवसा ठेवला न्हाई तर तुमी कशाला ठेवताव?"

पहिलं नाव लताचं ठरलं. मग ज्वारीची भाकरी, येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची आमटी आणि ठेचा. आमटी मी दोनदा मागून घेतली, हे कबूल करते.

दुसरा दिवस

बाजार तासाभराच्या अंतरावर. टेम्पोच्या हौद्यात आम्ही बाराजणी, खाली गवताच्या पेंढ्या, वर निळं आभाळ. थंडी चांगली झोंबत होती. जानेवारीत इकडे आलात तर सकाळसाठी स्वेटर आणि दुपारसाठी टोपी, दोन्ही लागतं.

जनावरांच्या बाजारात मी पहिल्यांदाच गेले. धूळ, ओरडा, दोरांचा गुंता, आणि बायका अगदी मोजक्या. ज्या होत्या त्या शेळ्या धरून बसलेल्या. भाव करणारे सगळे पुरुष. सुजाताने काम सुरू केलं. शेळीचं तोंड उघडून दात बघायचे, डोळ्याची पापणी ओढून आतला रंग बघायचा, कास चाचपायची. एक काळीभोर, लांब कानांची उस्मानाबादी शेळी तिला पसंत पडली. मालकाच्या आधी दलालच पुढे आला. त्याने खांद्यावरचा रुमाल काढला, आपल्या हातावर पसरला आणि रुक्मिणबाईंना म्हणाला, "हात द्या, बाई."

मला काही कळेना. सुजाताने कानात सांगितलं. इथे भाव तोंडाने बोलत नाहीत. रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून ठरवतात. बाजूला उभ्या असलेल्या माणसालाही आकडा कळत नाही.

रुक्मिणबाईंनी हात मागे घेतला. "तोंडानं सांगा."

"बाजाराची रीत हाय ही. जमत नसंल तर एखादा गडीमाणूस बोलवा."

"गडीमाणूस कशाला? तोंड हाय की मला." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. "ही शेळी माझ्या एकटीची न्हाई. समद्यांची हाय. मग भाव बी समद्यांनी ऐकला पायजे. उद्या एकीनं जरी इचारलं की रुक्मिणबाई, रुमालाखाली काय झालतं, तर मी काय सांगू?"

दलालाने रुमाल खांद्यावर टाकला आणि शेळीवाल्याला घेऊन निघून गेला. दुसऱ्यानेही तेच केलं. तिसरा तर हसला. ऊन चढत होतं. दुपारपर्यंत बाजार उठतो, हे सगळ्यांना माहीत होतं. लताचं लेकरू रडायला लागलं. एकजण हळूच म्हणाली, "एकदा देऊन टाका हात, माय. रिकामं जावं लागंल." रुक्मिणबाईंनी तिच्याकडे पाहिलं, पण हात काही दिला नाही. खरं सांगते, त्या क्षणी मलाही वाटत होतं की बाई हट्टाला पेटल्यात, आणि या हट्टात सगळ्यांचं वर्ष बुडणार.

मग एक शेतकरी, दोन शेळ्यांचे दोर धरून, स्वतःच आमच्यापाशी आला. चेहरा वैतागलेला. "मी सांगतो तोंडानं," तो म्हणाला. "सकाळपून रुमालात काय चाललंय ते मला बी कळंना झालंय. जनावर माझं, अन् मलाच पत्ता न्हाई."

त्याने भाव सांगितला. बायकांनी तिथेच गोल करून चर्चा केली. कुणी जास्त म्हणाली, कुणी शेळीच्या कासेकडे बोट दाखवलं, सुजाताने वय सांगितलं. रुक्मिणबाईंनी मोठ्याने आपला आकडा सांगितला. शेतकरी थोडा खाली आला, या थोड्या वर गेल्या, आणि सौदा झाला. सगळ्यांनी ऐकला. बघ्यांनीही ऐकला.

त्यानंतर बाजाराचा रंगच बदलला. तोंडी भावात आपल्याला दोन पैसे जास्त सुटतात, हे शेळीवाल्यांच्या लक्षात आलं, आणि ते आमच्याकडे येऊ लागले. एक म्हातारी बाई आपली शेळी ओढत आली आणि म्हणाली, "माझी बी बघा, मला बी तोंडानंच सांगायचंय." सुजाता दात बघून दमली. दुपारी बाजार उठायच्या आत नऊ शेळ्या आणि एक तगडा बोकड आमच्या दोरांना होता.

शेवटची शेळी कुणी विकली सांगू? त्या पहिल्याच दलालाने, तीच काळीभोर लांब कानांची. सकाळपासून तिला गिऱ्हाईक मिळालं नव्हतं. तो आला, इकडे तिकडे पाहिलं आणि पुटपुटल्यासारखा भाव सांगितला.

"जरा मोठ्यानं," रुक्मिणबाई म्हणाल्या, "मागच्यांना ऐकू येईना."

अख्खा बाजार हसला. दलालही हसला, आणि त्याने भाव मोठ्याने सांगितला.

परतताना हौद्यात शेळ्यांना जागा देऊन आम्ही कडेकडेने उभ्या राहिलो. बायका गाणी म्हणत होत्या. बोकड माझ्या अंगाला अंग घासत होता. त्याच्या वासाबद्दल एवढंच सांगते, कपडे दोन जोड जास्त न्या.

तिसरा दिवस

त्या वासानेच घोळ केला. शेळ्या न्यायला नऊ घरं तयार. बोकड न्यायला एकही नाही. दूध नाही, पिल्लं नाहीत, खाणार तिप्पट, आणि वास तर गल्लीभर. पण गावात बोकड नसेल तर पुढच्या वेळी शेळ्या गाभण कशा जाणार? पहिल्या पिल्लांपाशीच बँक बंद.

पारापाशी हा वाद चालला असताना शिवलिंगआप्पा दुकानातून उठून आले. आप्पांचं किराणा दुकान याच गल्लीच्या तोंडाशी. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग.

"शरणार्थ, आप्पा," सुजाता त्यांच्या लिंगायत रीतीने म्हणाली.

"जय भीम, डॉक्टरीणबाई," आप्पा तिच्या रीतीने म्हणाले. "बोकड माझ्याकडं बांधा. मागं परसात जागा हाय. पेंड दुकानात हायच."

ज्यांच्या घरात अंडंही शिजत नाही, ते बोकड सांभाळणार?

"तुमी ऊसतोडीला गेलाव की गल्ली ओस पडती," आप्पा म्हणाले. "दुकानात माशा मारत बसतो मी. तुमी गावात ऱ्हायलाव तर माझं बी चालंल. फकत एक करार. हा बोकड कसायाला द्यायचा न्हाई. कवाच न्हाई."

रुक्मिणबाईंनी लगेच हो म्हटलं नाही, याचं मला फार कौतुक वाटलं. त्या म्हणाल्या, "आप्पा, खोटी जबान देत न्हाई. डॉक्टरीण म्हणत्यात, दोन वर्सांनी बोकड बदलावा लागतो. न्हाईतर त्याच्याच लेकींशी गाठ पडती, पिल्लं कमजोर निघत्यात. मग ह्याला ठिवायचं कुठं?"

सुजाताने मान डोलावली. आप्पा परत दुकानाकडे वळले. मला वाटलं, संपलं.

"आप्पा, थांबा की." लता बोलली. तीन दिवसांत मी तिचा आवाज पहिल्यांदा ऐकत होते. "माझं माहेर राणीसावरगावच्या बाजूला हाय. तिथल्या बाया बी शेळ्या घ्यायच्या म्हणायल्यात. त्यांचा बोकड दोन वर्सांनी इकडं, आपला तिकडं."

"अन् तिथनं फुडं?"

"तिथनं त्याच्या फुडच्या गावाला. हर गावात बाया हायेत की."

आप्पांचं पोट हसून हलायला लागलं. "म्हंजे हे बेनं माझ्यापरीस जास्त गावं बघणार!" ते म्हणाले आणि स्वतःच बोकडाचा दोर हातात घेतला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. सुजाता माझा हात इतका घट्ट धरून उभी होती की बोटं दुखली.

दुपारी शेळ्यांना लस टोचून झाली, कानाला बिल्ले लागले. एकेकीने येऊन दोर घ्यायचा. लताने लेकरू रुक्मिणबाईंकडे दिलं आणि दोन्ही हातांनी दोर धरला. तीच काळीभोर शेळी. घरापर्यंत ती शेळीच्या पुढे चालली नाही, बरोबरीने चालली.

घरी

परत येऊन आता वर्ष होत आलं. हा मजकूर मी मुद्दाम थांबवून ठेवला होता. शेळ्या आणल्या, फोटो काढले आणि पुढचं कुणी विचारलंच नाही, अशा गोष्टी मी पुष्कळ पाहिल्या आहेत. म्हणून वाट बघितली.

सगळं गोड झालं नाही. एक शेळी पावसाळ्यात गेली. गटाने तिची जागा भरून दिली. दोघींच्या शेळ्यांना बोकडच झाले, त्यांची पाट अजून यायची आहे. पण दिवाळीनंतर ऊसतोडीचा ट्रक गावात आला, तेव्हा त्या नऊजणींच्या घरातून कुणीही त्यात चढलं नाही. राणीसावरगावकडच्या बायकांचाही गट झालाय. बोकड आप्पांकडे गुबगुबीत झालाय, आणि आप्पा त्याला पेंडेबरोबर गूळ चारतात म्हणून सुजाता त्यांना रागावते.

तुम्ही जाणार असाल तर जरूर जा. बघण्याची ठिकाणं विचाराल तर माझ्याकडे यादी नाही. मी तिथून आले आणि माझ्यात एक बदल झाला. आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये चौघे कोपऱ्यात कुजबुजून काही ठरवायला लागले की आता मी उठते आणि म्हणते, मोठ्याने बोला. लोक वैतागतात. मोठ्याने बोलतात मात्र.

गेल्या आठवड्यात सुजाताने फोन लावून दिला. त्याच दिवशी लताने पहिली पाट रुक्मिणबाईंना दिली होती. मागे प्रचंड गलका. मी लताला विचारलं, "इतके महिने सांभाळलीस. देताना वाईट नाही वाटलं?"

"लय वाटलं," ती म्हणाली. "काल रातच्याला तिला जवळ घेऊन निजले. पर ताई, मी कुणाला काई दिलं, असं आजवर झालंच न्हवतं."

मग तिने फोन ठेवला. तिकडे सगळ्या तिला हाका मारत होत्या.