तीन पेट्यांचे ठोकळे

मुलुंडला आग्रा रोडच्या आत, कारखान्यांच्या गल्लीत एका छोट्या कंपनीचं गोडाऊन होतं. तिथे मी दगड धुवायला होते. कोणाला सांगितलं तर हसतात, पण खरंच दगडच धुवायचे. ही कंपनी जमिनीत खोल भोकं पाडायची, बिहारच्या जंगलात दोन ठिकाणी आणि राजस्थानात एका ठिकाणी. सरकारला युरेनियम हवं होतं, आणि ते कुठे आहे हे शोधायचं थोडंसं काम या कंपनीला ठेक्यावर मिळालं होतं. हे सगळं मला नंतर कळलं. कामाला लागले तेव्हा मॅनेजरने सांगितलं, तांब्याचे दगड आहेत. मी म्हटलं, असू देत. गिरण्यांचा संप होऊन दोन वर्षं होत आलेली, आमचे हे घरी बसलेले. छपराखालचं काम मिळतंय तर दगड तांब्याचा की कसला, विचारते कशाला?

भोक पाडताना मशीन जमिनीतून दगडाची लांब कांडी बाहेर काढतं, उसाच्या कांडीसारखी गोल. तिला कोर म्हणायचे. तिचे तुकडे लाकडी पेट्यांत ओळीने लावून ट्रकने मुलुंडला यायचे. ते धुवायला आम्ही दोघी, मी आणि कांजूरच्या खाडीकडची एक कोळीण. ती माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. धुता धुता म्हणायची, "हात झिजले गं घासून, पण याचं कालवण काय होत नाय."

धुतलेली कांडी पुरुष मशीनवर उभी चिरायचे. अर्धी पेटीत राहायची, अर्धी कुटून, पूड करून, पिशव्या भरून सरकारी तपासणीला जायची. पूड आम्हीच भरायचो, नाकाला पदर बांधून. डबाही तिथेच बसून खायचो. जेवणाआधी हात धुवा, साबणाने धुवा, असं ओरडून सांगणारा माणूस एकच, आमचे दगडांचे साहेब.

साहेब सरकारी नोकरीतून रिटायर झालेले, घाटकोपरला राहायचे. पंधरा दिवस जंगलात कॅम्पवर, पंधरा दिवस गोडाऊनमध्ये. आम्हा दोघींना बाई म्हणायचे आणि तुम्ही म्हणायचे. त्या गल्लीत आम्हाला तुम्ही म्हणणारं दुसरं कोणी नव्हतं. माझी शाळा तिसरीत सुटलेली. मराठी वाचायला मी लग्नानंतर आपली आपणच शिकले, भज्यांच्या पुड्यांवरून. इंग्रजी आकडे शिकवले ते साहेबांनी.

प्रत्येक पेटीत दगडांच्या मध्येमध्ये लाकडाचे छोटे ठोकळे खोचलेले असायचे. त्यावर निळ्या पेन्सिलीने आकडा. डबा खाऊन झाला की साहेब एक ठोकळा समोर धरायचे. "हा किती, बाई?" मी म्हणायची, "चौऱ्याण्णव." "शाब्बास." पण चौऱ्याण्णव म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्याचा अर्थ असा होता की इथपर्यंतचा दगड चौऱ्याण्णव मीटर खोलीवरचा. ठोकळा ज्या दोन तुकड्यांच्या मध्ये खोचलाय, त्या जागेलाच सगळी किंमत. मला वाटायचं, बरणीवर चिठ्ठी लावतो तसं काहीतरी असेल.

आता दसऱ्याचं सांगते. खंडेनवमीला मशीनची पूजा. आमचे हे गिरणीत होते तेव्हा आदल्या दिवशी आपला साचा, म्हणजे कापडाचा माग, असा पुसून यायचे की त्यात तोंड बघावं. ते माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. साहेब तेव्हा बिहारला होते. मॅनेजर म्हणाला, "साफसूफ करून घ्या, मालक येणार पूजेला." पुढेच तीन पेट्या मांडलेल्या, सुट्टीनंतर चिरायला जाणाऱ्या. दगड आम्ही चकचकीत धुतलेले, आणि त्यांत ते ठोकळे मात्र चिखलाने काळे. मला बघवेना. सगळे ठोकळे काढले, सोडा टाकून काथ्याने घासले, अंगणात वाळत घातले. आकडे पुसट झाले होते. साहेबांच्या टेबलावरची निळी पेन्सिल घेतली आणि एकेक आकडा गिरवला. काय सांगू, किती ऐटीत गिरवला.

मग परत लावताना चढत्या आकड्यांनी लावले, प्रत्येक ओळीच्या शेवटी एक, सगळे एका रेषेत. आधी कसे, कुठे मध्येच, कुठे कडेला, पुरुषांनी घाईत खोचल्यासारखे. कोळीण बघायला आली. "आता कसे, लग्नाची पंगत बसल्यासारखे दिसतात," म्हणाली. आम्ही मशीनला झेंडूची माळ घातली, नारळ फुटला, मालकांनी पेढे वाटले.

सुट्टी संपल्यावर त्या पेट्या चिरल्या, ठोकळ्यांवरचे आकडे बघून पिशव्यांवर नंबर पडले, आणि पूड तपासणीला गेली. साहेबांना यायला वेळ होता आणि सरकारी साहेब तर घाई करत होते.

दिवाळीनंतर निकाल आला. त्याचं असं असतं, भोक पाडून झालं की त्यात तारेला बांधून एक यंत्र सोडतात. ते सांगतं युरेनियम किती खोलीवर आहे. यंत्राचा कागद एक जागा सांगत होता आणि आमची पूड दुसरीच, पाच-सहा मीटर खालची. सरकारी साहेब गाडीतून आले. त्यांचं म्हणणं, कोणीतरी मुद्दाम चांगला दगड नको तिथे घातलाय. आणि सगळ्या कागदांवर सही आमच्या साहेबांची, बिहारहून परत आल्यावर केलेली.

साहेबांनी तिन्ही पेट्या उघडल्या. आपली वही काढली, एक पेटी बघितली, दुसरी बघितली. मग म्हणाले, "ठोकळे हलवलेत कोणीतरी." आणि आमच्याकडे वळले. "बाई, तुम्ही हलवले का?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही साहेब. आम्ही हातसुद्धा लावला नाही."

"आकडे नवे दिसतायत."

मॅनेजर मध्येच बोलला. "साहेब, काय बोलता? या बायका अंगठेबहाद्दर. यांना इंग्रजी आकडे कुठे येणार?"

"यांना येतात," साहेब म्हणाले.

मॅनेजरने माझ्याकडे बघितलं, सरकारी साहेबांनी बघितलं. "येतात तुला आकडे?"

"नाही," मी म्हटलं.

साहेबांनी वही मिटली. कोळणीने पदर नाकावर ओढला आणि पूड भरत राहिली. संध्याकाळी बसस्टॉपवर ती मला एवढंच म्हणाली, "मी काय बघितलं नाय बाय. पण तू त्याच्या तोंडावर खोटं बोललीस."

आठवड्यात साहेबांना काढलं. वही त्यांच्याच हातची, ती कोणी पुराव्यात धरली नाही. त्याच माणसाची लबाडी, त्याला आम्ही काढलं, असं लिहून दिल्यावर कंपनीचं काम वाचलं. साहेबांना मात्र लबाड ठरवून घरी बसवलं, तेही म्हातारपणी. दुसरी कुठली कंपनी त्यांना दारात उभं करीना. मॅनेजरला खरं काय ते समजलं असणार. मला त्याने कधी विचारलं नाही. उलट पुढच्या महिन्यात पिशव्यांवर नंबर घालायचं काम मला दिलं.

मार्गशीर्षात एका सुट्टीच्या दिवशी बस धरून मी घाटकोपरला गेले. साहेबांच्या बायकोने दार उघडलं. मी चप्पल काढतानाच रडायला लागले आणि रडत रडतच सगळं सांगितलं. खंडेनवमी, सोडा, पेन्सिल, सगळं. मला वाटलं होतं, साहेब ओरडतील, नाहीतर असू दे म्हणतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. वही आणि पट्टी घेऊन आले आणि समोर बसले. "कुठला ठोकळा कुठे होता, आठवतं का? आठवेल तेवढंच सांगा. अंदाजाने सांगू नका."

दगड माझ्या हाताखालून गेलेले. एक हिरवट लांब तुकडा, त्यात पांढरी शीर, त्याच्या लगेच पुढे एक ठोकळा होता, तो आठवला. दुसरा एक भुग्यासारख्या तुकड्यांच्या अलीकडे. असे पाच आठवले. साहेब आपल्या वहीशी ताडून बघत होते. "बरोबर. हेही बरोबर. बाई, पाच पुरेत." त्यांची बायको दारात उभी राहून ऐकत होती, तिच्या हातातला चहा तिथेच निवला.

साहेबांनी मराठीत एक पत्र लिहिलं. मी अमुक बाई, ठोकळे मी काढले, पाच ठिकाणं ही अशी, ठोकळे तिथे लावले की आकडे यंत्राच्या कागदाशी जुळतात, पेट्या उघडून खात्री करून घ्यावी. मला वाचायला दिलं. मी वाचलं. एकही शब्द खोटा नव्हता. म्हणाले, "इथे सही करा."

मी म्हटलं, "घरी विचारून येते साहेब. रविवारी नक्की येते."

घरी ह्यांना सांगितलं. हे खाटेवर बसून बिडी ओढत होते. "सही करशीत, मगे खाशीत काय? ते धोंडे?"

"अहो, त्यांची काही चूक नाही."

"नाय ना. माझी तरी खंय होती? गिरणी बंद झाली तेव्हा माका कोणी विचारलान? तेंका पेन्शन आसा. आमका काय आसा गो?"

ह्यांना दोष देत नाही मी. हे नाही म्हणाले तेव्हा मला आतून सुटल्यासारखं झालं, ते माझं मला माहीत आहे. तो रविवार गेला, पुढचाही गेला.

मग एके दिवशी डब्याच्या सुट्टीत साहेबांची बायको गोडाऊनच्या दाराशी आली. मी पेट्यांच्या मांडणीमागे जाऊन खाली बसले. कोळीण पुढे गेली. "आज आली नाय ती," म्हणाली. मला सगळं ऐकू येत होतं. साहेबांची बायको म्हणाली, "ते रोज विचारतात हो, बाई आल्या का. हे पत्र तेवढं त्यांना द्या. सही करून पोस्टात टाकलं तरी चालेल. तिकीट लावलंय." ती गेल्यावर कोळणीने पाकीट माझ्या मांडीवर टाकलं. "पुढच्या वेळी मी खोटं बोलायची नाय. तुझं तू बघ."

पाकीट मी घरी नेऊन कपड्यांच्या ट्रंकेत ठेवलं. दर महिन्याला म्हणायची, या महिन्यात करू.

पुढच्या वर्षी पावसाळ्याआधी कंपनी बंद पडली. राजस्थानच्या भोकांत काही सापडलं नाही, बिहारचं काम सरकारने काढून घेतलं. मॅनेजरने आम्हा दोघींना आठ दिवस जास्त ठेवलं, गोडाऊन रिकामं करायला. पेट्यांचं लाकूड विकलं होतं. दगड मागच्या खड्ड्यात ओतायचे आणि पेट्या एकावर एक रचायच्या, एवढंच काम. एकेक पेटी दोघी धरायचो आणि उपडी करायचो. त्या तीन पेट्याही आल्या. हिरवट तुकडा मी ओळखला. कोळीण थांबली, माझ्याकडे बघत होती. मला म्हणता आलं असतं, या तीन बाजूला ठेव. मी कडा उचलली. तिनेही उचलली.

हिशेब मिटवून घरी आले आणि त्याच दिवशी ट्रंकेतून पत्र काढून सही केली. आता नोकरी जायची भीती नव्हती. पोस्टात टाकलं नाही, स्वतः घेऊन गेले.

साहेब खूप वाळले होते. चष्मा लावून त्यांनी पत्र वरपासून खालपर्यंत वाचलं, आपणच लिहिलेलं. माझी सही जवळ धरून बघितली.

"पेट्या आहेत ना गोडाऊनमध्ये?" त्यांनी विचारलं.

"नाही साहेब."

"कुठे गेल्या?"

"खड्ड्यात ओतल्या. काल." मग म्हटलं, "मीच ओतल्या."

त्यांनी चष्मा काढून कागदावर ठेवला. रागावले असते तर बरं झालं असतं. "मग हे कशावरून खरं मानतील, बाई?" त्यांनी विचारलं. त्यांना खरोखरच उत्तर हवं होतं, मी सांगेन म्हणून थांबले होते. आतून त्यांच्या बायकोने विचारलं, साखर किती घालू. मी म्हटलं, एक चमचा.