सुमनबाईच्या दारातला नळ

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळसुद्धा नाही. तुमच्याजवळ का बोलते आहे — काय माहीत.

मला माणसं कळतात, असं लोक म्हणतात. वस्तीत जायचं, गुपचूप बसायचं, कुणाला काय दुखतंय ते हेरायचं आणि फॉर्मात लिहायचं — हेच माझं काम. संस्थेत नवीन होते तेव्हा नागपुरातल्या एका वस्तीत सार्वजनिक नळापाशी रोज सकाळी वही घेऊन बसायची.

तिथे सुमनबाई यायची. एकटी बाई, पायाने अधू, लेक लग्न होऊन पारशिवनीला. रांगेत उभी राहायची, पण पुढे सरकायचीच नाही! "जाय वं तू पयले, तुह्या पोराची शाळा हाय," म्हणत एकेकीला पुढे सोडायची. तासभर नुसत्या गप्पा, कुणाच्या सासूची नक्कल, खिदळणं. मग एक कळशी पाणी भरून लंगडत निघायची.

एकदा मी मागोमाग तिच्या घरी गेले. बघते तर ड्रम काठोकाठ भरलेला! शेजारचे रोज त्यांच्या नळाला पाइप लावून तो भरून द्यायचे. आणलेलं पाणी तिने कढीपत्त्याला ओतलं. मी बघतेय म्हटल्यावर हसली — "पाण्यासाठी कोन येते वं? घरात बोलाले कोनी नाही ना मले."

कळलं होतं मला. सगळं कळलं होतं. आणि लिहिलं काय मी? 'अधू महिलेची पाण्यासाठी पायपीट. उपाय — घरी नळ.' एकटेपणाला फॉर्मात रकाना नव्हता, असं स्वतःला सांगत आले. खोटं आहे ते. 'इतर' असा रकाना होता. पण त्यात लिहिलं असतं तर साहेबांना काय दाखवणार होते मी? नळ दाखवता येतो.

साहेब खूश. माझी नोकरी पक्की. तिच्या दारात नळ बसला, तोटीला हार घातला, आम्ही टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी रांगेत आली. बायाच म्हणाल्या, "आता काहून येऊन राहिली वं? तुह्या तं घरीच नळ हाय!" चेष्टेतच म्हणाल्या. ती कसनुशी हसली आणि परत फिरली. पुन्हा आली नाही. मी तिथेच होते — एक शब्द बोलायला काय झालं होतं मला? वहीत डोकं घालून बसले.

नंतर एकदा तिने दारातून हाक मारली, "बस ना वं घडीभर." पुढच्या आठवड्यात येते म्हटलं. गेले नाही. लाज वाटत होती. मग मागच्या गल्लीने जायची सवयच लागली.

परवा घाईत पुढच्या गल्लीने गेले. सुमनबाई उंबऱ्यावर बसली होती. तिने मला ओळखलं, बोलायला तोंड उघडलं. मी फोन कानाला लावला आणि "हो, हो, पोचतेच" म्हणत तिच्यासमोरून निघून गेले. फोन कुणाचाच नव्हता.