सासूबाईंबरोबर तीस गरम सकाळी

माझ्या बायकोचा पाय मोरीत घसरला नसता, तर मी आयुष्यात कधी योगासनांच्या वाटेला गेलो नसतो. मी सौसरच्या एका मराठी शाळेत कारकून आहे. वय एक्कावन्न. पंचवीस वर्षं एकाच खुर्चीत बसून माझ्या पाठीला त्या खुर्चीचा आकार आला होता आणि मला त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

त्या वर्षी जानेवारीत गावात बातमी फिरली की पुण्याहून परत आलेली एक मुलगी 'गरम योग' शिकवणार आहे. म्हणजे खोली चाळीस डिग्रीपर्यंत तापवायची, दार लावून घ्यायचं आणि आत तासभर आसनं करायची. तिच्या वडलांची बोरगावच्या रस्त्यावर कोंबडीच्या पिल्लांची शेड होती. धंदा बंद पडला होता, पण पिल्लांना ऊब द्यायला लावलेले मोठमोठे बल्ब आणि हीटर तसेच छताला लटकत होते. मुलीनं भिंतींना चुना मारला, चटया अंथरल्या, दारावर पाटी लावली. चहाच्या टपरीवर दुसऱ्याच दिवशी त्याचं नाव 'कोंबडीयोग' पडलं.

तिनं एक चॅलेंज ठेवलं होतं. एक फेब्रुवारीपासून सलग तीस दिवस, रोज सकाळी सहाला, एकही खाडा नाही. आणि नाव जोडीनंच द्यायचं. एक आला नाही तर दुसराही बाद. तिचं म्हणणं, एकटा माणूस स्वतःशी सहज खोटं बोलतो, दोघांना तेच खोटं आधी जुळवावं लागतं.

माझ्या बायकोनं स्वतःचं आणि आपल्या आईचं नाव दिलं. सासूबाई रामाकोन्याला शेतावर राहायच्या. वय अडुसष्ट, गुडघे धरलेले. डॉक्टरांनी हालचाल करा, शेक घ्या असं सांगितलं होतं. दोन्ही कामं एकाच ठिकाणी होतील या हिशेबानं त्या महिनाभरासाठी पिशवी घेऊन आमच्याकडे आल्या. आणि एकतीस जानेवारीच्या दुपारी बायको मोरीत घसरली. घोट्याला प्लास्टर बसलं. घरी आल्यावर तिनं पाय उशीवर ठेवला आणि मला म्हणाली, "आता आईची जोडी तुम्ही व्हा."

"मी काहून? शाळेत हजार कामं हायेत."

"शाळा अकराले भरते. आणि तिची एवढी हौस हाय तं तुम्ही पाणी फिरवता का?"

इथे आमच्या नात्याबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे जावई सासूला मामी म्हणतो आणि ती त्याला जवाईबापू. यापलीकडे फारसं बोलणं होत नाही. लग्नाला तेवीस वर्षं झाली होती. तेवढ्या वर्षांत मामी माझ्यासमोर कधी खुर्चीवर बसल्या नव्हत्या की डोक्यावरचा पदर त्यांनी खाली येऊ दिला नव्हता. मी समोर बसलेला असलो तरी त्या लेकीला सांगायच्या, "जवाईबापूले विचार, चहा घेते का." मीही बायकोकडे पाहून म्हणायचो, "सांग, घेतो." अशा दोन माणसांना एका खोलीत, घाम गाळत, हातपाय वर करायचे होते.

पहिल्या दिवशी पाच चाळीसला मी मोटारसायकल काढली. चांगलीच थंडी होती. मी शाळेच्या क्रीडादिनाचा निळा ट्रॅकसूट घातला होता, जो शिवला तेव्हा माझं पोट वेगळ्या जागी होतं. मामी नऊवारीत होत्या. मुलीनं हलके कपडे घाला म्हणून सांगितलं होतं, नातीनं, म्हणजे आमच्या लेकीनं, आपली ट्रॅकपँटही देऊन पाहिली होती. मामींनी ती हातात धरून उलटीसुलटी पाहिली आणि घडी घालून परत दिली.

शेडचं दार उघडलं आणि गरम हवेचा लोट अंगावर आला. त्यात एक वासही होता. भिंती चुन्यानं पांढऱ्या झाल्या होत्या, पण खोली तापली की जुने रहिवासी नाकाला आठवायचे. आत सात जोड्या होत्या. सगळे नवराबायको, एक फक्त बहिणी. आम्ही आठवे.

मुलीनं सगळ्यांना पुढे वाकून हात जमिनीला लावायला सांगितलं. माझे हात गुडघ्यापर्यंत गेले आणि तिथं थांबले. शेजारी पाहिलं तर मामी कंबरेत वाकून दोन्ही तळवे जमिनीवर टेकवून निवांत उभ्या. आयुष्यभर त्यांनी कापूस वेचला होता, वाकून तण उपटत निंदण केलं होतं.

"वा आजी," मुलगी म्हणाली, "किती सुंदर आसन."

"हे आसन व्हय?" मामी तशाच वाकलेल्या म्हणाल्या. "आम्ही तं याले निंदण म्हणतो."

दहाव्या मिनिटाला मला भिंती पुढेमागे होताना दिसू लागल्या. मी खाली बसलो. मामींनी कंबरेचा बटवा उघडला आणि त्यातून कांदा काढला. उन्हाळ्यात लू लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवतात हे मला माहीत होतं, पण बाहेर दहा-बारा डिग्री थंडी असताना कुणी ठेवलेला मी पहिल्यांदाच पाहिला. त्यांनी तो बुक्कीनं फोडला आणि कधी नव्हे ते थेट माझ्याशी बोलल्या. "हुंगा."

मी हुंगला. सातही जोड्या एका पायावर उभ्या राहून माझ्याकडे पाहत होत्या.

सर्वांत अवघड आसन मात्र शेवटचं निघालं. शवासन. त्यात काहीच करायचं नसतं, नुसतं उताणं पडायचं. पण जावयाच्या शेजारी पाय पसरून झोपणं मामींना या जन्मी शक्य नव्हतं. त्या बसूनच राहिल्या. मुलीनं दोनदा सांगितलं. शेवटी मामींनी आपली शाल काढली, दोन खुर्च्या ओढून आणल्या आणि आमच्या चटयांच्या मध्ये पडदा बांधला. मग पदर तोंडावर घेऊन पलीकडे आडव्या झाल्या. दोन मिनिटांत त्या पडद्यामागून घोरणं ऐकू येऊ लागलं.

दुसऱ्या दिवसापासून मुलीनं खुर्च्या आधीच लावून ठेवल्या.

पहिला आठवडा वाईट गेला. मला जिना उतरता येईना, मी शाळेत तिरका होऊन खाली यायचो. टपरीवर लोक विचारायचे, "काय बाबू, उबवणीवरून येऊन राहिले का?" मुख्याध्यापकांनी तर हजेरीचं बुक पुढे सरकवत गंभीरपणे विचारलं, "पिल्लं निघायले एकवीस दिवस लागते न?" मी घरी येऊन बायकोला सांगितलं की उद्यापासून मी जाणार नाही. पण दुसऱ्या दिवशी साडेपाचला अंगणात आलो तर मामी मोटारसायकलच्या मागच्या सीटवर आधीच बसल्या होत्या. गाडी स्टँडवर, त्या एका बाजूनं पाय सोडून, मांडीवर पाण्याची बाटली. सासूला गाडीवरून खाली उतरवायची रीत मला माहीत नव्हती. मी किल्ली लावली.

बाराव्या दिवशी पहाटे पाऊस आणि गारा पडल्या आणि लाइट गेली. आम्ही भिजत शेडवर पोहोचलो तर आत अंधार आणि गारठा. मुलगी दाराशी रडवेल्या चेहऱ्यानं उभी होती. बल्ब नाही तर गरम नाही, गरम नाही तर योग नाही, आणि आजचा खाडा पडला तर सगळं चॅलेंजच मोडलं.

मामींना मुळात वेगळीच, शेतातल्या झाडांच्या फुलोऱ्याची काळजी लागली होती. "संत्र्याचा बार झडला असन," त्या स्वतःशी म्हणाल्या. मग मुलीकडे वळल्या. "तुह्या घरी गोधड्या किती हायेत?"

मुलीचं घर शेडला लागूनच होतं. गोधड्या, ब्लँकेट, दोन रजया, वडलांची कानटोपी, सगळं आलं. त्या दिवशी आम्ही सोळा माणसांनी गोधड्या पांघरून, कमरेला दोऱ्या बांधून आसनं केली. मेणबत्तीच्या उजेडात मुलगी "उजवा हात वर" म्हणाली की एक अख्खी रजई वर जायची. नवराबायकोच्या एका जोडीत कोण पुढे तोंड करून उभं आहे हे शेवटपर्यंत कळलं नाही. घाम मात्र रोजच्यापेक्षा जास्त आला.

परत येताना पाऊस थांबला होता. त्या दिवशी मामी गाडीवर मागून बोलू लागल्या. रोज एकदोन वाक्यं व्हायची, त्या दिवशी थांबल्याच नाहीत. मामाजी, म्हणजे माझे सासरे, गेल्यावर एकटीनं शेत कसं सांभाळलं, कोणत्या वर्षी कोणती झाडं लावली. आणि मग, जणू झाडांच्याच यादीत ते येत होतं तसं, म्हणाल्या, "तुमाले तं मी नापसंत केलं होतं."

मी गाडी हळू केली. "कधी?"

"पाह्याले आले होते तवा. पोरीच्या बाबाले मी म्हटलं, पोरगा वाकडा उभा राह्यते. पोक काढून. नोकरी हाय पण पाठ नाही. त्यायनं ऐकलं नाही."

"मग आता?"

त्यांनी विचार केला. बराच केला. घर आलं तेव्हा गाडीवरून उतरता उतरता म्हणाल्या, "आता दोन पायावर उभे राहून राहिले."

मी हे बायकोला सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की प्लास्टरच्या पायात कळ आली. तिला ते तेवीस वर्षांपासून माहीत होतं.

तेविसाव्या दिवशी मामींच्या भाचीच्या मुलीचं लग्न पांढुर्ण्याला होतं. आदल्या दिवशी हळदीला मुक्कामी जाणं भाग होतं, म्हणजे लग्नाच्या सकाळचा वर्ग चुकणार. मी मनातून खूश झालो. पण मामींनी योगवाल्या मुलीला गाठलं. मुलीनं फार विचार करून एक सवलत दिली. जिथं असाल तिथं करा, पण जागा गरम पाहिजे आणि व्हिडिओ पाठवा.

लग्नघरी सकाळी सहाला गरम जागा एकच असते. मंडपामागे आचाऱ्याची भट्टी. तीन मोठ्या चुली पेटल्या होत्या, एका कढईत नाश्त्याच्या पुऱ्या तळणं चालू होतं. मामींनी आचाऱ्याला काय सांगितलं कोण जाणे, त्यानं कणकीची परात बाजूला सरकवून आम्हाला जागा करून दिली आणि माझा फोन हातात धरला. मी लग्नाचा नवा कुर्ता-पायजामा घातला होता, कारण दुसरे कपडे बायकोकडे होते आणि ती माहेरच्या बायकांच्या गराड्यात खुर्चीवर पाय ठेवून बसली होती.

आम्ही सुरुवात केली. पुऱ्या लाटणाऱ्या बायकांचे हात थांबले. मी एका पायावर, हात डोक्यावर जोडून. शेजारी मामी, तशाच, फक्त माझ्यापेक्षा स्थिर. तेवढ्यात चहा शोधत वरपक्षाची मंडळी मागे आली. पुढे नवऱ्या मुलाचे आजोबा, टोपी घातलेले. ते थांबले तसे सगळेच थांबले.

"हे काय करून राहिले?" त्यांनी आचाऱ्याला विचारलं.

आचाऱ्यानं फोन न हलवता मान उडवली. उत्तर मामींनीच दिलं, डोळे न उघडता. "महिन्याचं हाय. खाडा चालत नाही."

"नवस हाय का?"

"तसंच समजा."

आजोबांनी टोपी सरळ केली आणि हात जोडले. मागच्यांनीही जोडले. कुणीतरी आत जाऊन नारळ आणला आणि आमच्यापुढे ठेवला. मी पाय खाली टेकवणार होतो, पण आता नारळासमोर पाय टेकवणं बरं दिसलं नसतं. त्या सकाळी मी जेवढा वेळ एका पायावर उभा राहिलो तेवढा ना आधी राहिलो ना नंतर. संध्याकाळपर्यंत मंडपात तीन बायकांनी माझ्या बायकोला विचारलं की तुझ्या आईनं आणि नवऱ्यानं नवस कशासाठी बोलला. ती म्हणाली, "गुडघ्यासाठी." ते खोटं नव्हतं.

मग दिवस भराभर गेले. आठपैकी पाच जोड्या उरल्या. दोन मार्चला तिसावा दिवस झाला. मुलीनं पेढे आणले, सगळ्यांना उभं केलं आणि छापलेली प्रमाणपत्रं वाटली. आमचं मी हातात घेतलं. मोठ्या सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं: 'आदर्श दांपत्य'. खाली माझं नाव आणि पुढे सौभाग्यवती म्हणून मामींचं.

छापखान्यात सगळ्यांना एकच मजकूर लागला होता. मला घाम फुटला, आणि हीटर तर बंद होते. मामींना फारसं वाचता येत नव्हतं. त्यांनी विचारलं, "काय लिहिलं हाय?"

"लिहिलं हाय का... पूर्ण केलं म्हणून."

"एवढंच? मंग तुमचं तोंड असं काहून झालं?"

दोन बहिणींची जी जोडी होती, त्यांचंही 'दांपत्य'च झालं होतं. त्यातली धाकटी मोठ्यानं वाचून हसू लागली आणि मग लपवण्यात अर्थ उरला नाही. मामींनी पदर डोक्यावरून थेट हनुवटीपर्यंत ओढला. खांदे हलत होते. मला वाटलं रडून राहिल्या. जवळ गेलो तर पदराच्या आतून हसू फुटत होतं. दम लागेपर्यंत हसल्या, मग भिंतीला धरून खुर्चीवर बसल्या. माझ्यासमोर खुर्चीवर.

मुलगी कानापर्यंत लाल झाली होती. तिनं व्हाइटनर आणलं आणि तिथंच 'दांपत्य' खोडून वर पेनानं 'सासू-जावई' लिहिलं. मामींनी ते फुंकर मारून वाळवलं आणि घरी आल्यावर पिशवीत, लुगड्यांच्या घडीत ठेवलं.

दुपारी मी त्यांना रामाकोन्याला सोडून आलो. गुडघे पूर्ण बरे झाले नव्हते, पण जिना एक-एक पाय टाकून चढता येत होता. दाराशी त्यांनी मला सांगितलं, "जेवून जा." मी म्हटलं, "हो." पुन्हा जुनंच बोलणं, फक्त या वेळी मध्ये बायको नव्हती.

दुसऱ्या दिवशी पाचला मला आपोआप जाग आली. ट्रॅकसूट घालून अंगणात आलो तेव्हा लक्षात आलं की जायचं कुठंच नाही. थोडा वेळ गाडीजवळ उभा राहिलो. मग फोन लावला.

"उठल्या का, मामी?"

"कवाची. चुलीपाशी करून राहिली. तुम्ही?"

मी म्हटलं, करतोच आहे. आणि फोन खिशात ठेवून अंगणातच वाकलो. हात पायाच्या अंगठ्यापासून चार बोटं लांब राहिले.