कर्नलने अडवलेलं टपाल

सुर्वेसाहेब गेल्याचा फोन आला तेव्हा मी शारजात, अल मजाज भागात, सातव्या मजल्याच्या स्लॅबवर उभा होतो. काँक्रीटचा पंप चालू, हॉस्पिटलातल्या नर्सचं बोलणं धड ऐकू येईना. ‘एक्सपायर्ड’ तेवढं कळलं... त्याला आता दीड महिना झाला. सगळे त्यांच्याबद्दल चांगलंच बोलतायत. मला ते जमणार नाही.

साहेब आमचे सुपरवायझर. चिपळूणकडचे, लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त होऊन शारजात आलेले. नव्वदीच्या सुरुवातीला साइटवर एक म्हातारा जर्मन इंजिनियर होता. त्याने आपल्या कर्नल बापाची लष्करी हकिगत इंग्रजीत टाइप करून ठेवली होती. जाताना एक प्रत साहेबांना दिली. झालं! दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, जेवणं उरकली की कामगारांच्या कॅम्पात कर्नलपुराण सुरू. एकोणिसाव्या वर्षी लेफ्टनंट, पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या चिखलात चार वर्षं, दोनदा गोळी लागली. जर्मनी हरली तरी गड्याने वर्दी उतरवली नाही. दुसऱ्या युद्धात कर्नल होऊन रशियाच्या बर्फात. तिथे पायाची बोटं गेली, मग सात वर्षं कैद. गावं जाळल्याचं एका ओळीत होतं. ती ओळ साहेब भराभर वाचून पुढे जायचे.

त्यांचा लाडका प्रसंग वेगळाच. हल्ल्याआधी चार दिवस कर्नल सैनिकांचं टपाल अडवून ठेवायचा. घरची बातमी कळली की माणूस ढिला पडतो म्हणे. एका हल्ल्यात अर्धी पलटण कापली गेली, हे साहेब कौतुकाने सांगायचे. “मग त्यांची पत्रं?” मी एकदा विचारलं. “जाळली. मेलेल्यांना काय वाचून दाखवायची?” आम्ही हसलो. मीसुद्धा हसलो.

पुढच्याच वर्षी गुहागरहून कॅम्प ऑफिसला फोन आला : आई शेवटच्या घटका मोजतेय, बाळूला पाठवा. साहेबांनी फोन घेतला आणि मला कळू दिलं नाही. तीन दिवसांनी स्लॅब भरून झाल्यावर मला बोलावलं. “बाळ्या, तुझी आई गेली काल. तुझं नाव घेत होती म्हणे.” चहा पीत सांगितलं. “आधी सांगितलं असतं तर कामावर लक्ष राहिलं असतं तुझं? वरून पडून मेला असतास. कर्नल बरोबर होता.” पासपोर्ट कंपनीकडे, रजेवर सही साहेबांची. मी म्हणालो, “थँक्यू साहेब.” त्या थँक्यूची मला आजही चीड येते.

दहा वर्षांनी मी फोरमन झालो आणि ते हॉस्पिटलात पडले. किडन्या गेल्या होत्या. माझा हात धरून म्हणाले, “माझं आता काही खरं नाही... प्रसादला फोन कर. म्हणावं, लगेच ये.” प्रसाद त्यांचा एकुलता मुलगा, पुण्यात असतो. मी म्हटलं, “करतो साहेब.” मोबाइल खिशातच होता. विसरलो नाही, उगाच खोटं कशाला लिहू? स्लॅब चार दिवसांवर आला होता, प्रसादच्या व्हिजाची धावपळ मलाच करावी लागली असती, पण ते कारण नव्हे. रोज संध्याकाळी मी भेटायला जायचो. “निघाला का?” ते विचारायचे. “येतोय, इन्शाल्ला,” मी सांगायचो. आणि मला बरं वाटायचं, अगदी आतून बरं वाटायचं.

नर्सचा फोन ठेवला आणि तिथूनच प्रसादला लावला. तो रडला. मग म्हणाला, “काका, बाबांनी मला बोलावलं नाही का हो?” “नाही रे,” मी म्हटलं, “तुझं नावही काढलं नाही.” खाली पंपवाला ओरडत होता. उरलेला स्लॅब भरून घेतला.

प्रसाद, हे मी ज्या पेपरात लिहितोय तो पुण्यात येतो. बोलावलं होतं रे. चारही दिवस ते दाराकडे तोंड करून झोपायचे.