रांगेतली वीट

खुर्सीपार वस्तीतल्या मावशीने मला सांभाळलं, हे आधी लिहून ठेवतो. रक्ताचं नातं नाही. ती नागपूरकडची, मी भंडाऱ्याकडचा. तिचा नवरा पोलादाच्या प्लँटमधून रिटायर होऊन वारला, मी तिथेच ठेकेदाराकडे कामाला. सातवीत शाळा सोडलेल्या माणसाला परक्या गावात कोण विचारतं? तिने विचारलं.

आमच्या गल्लीत नळ एकच, पाणी सकाळी तासभर. रांगेत विटा असत. प्रत्येक घराची एक वीट, तिच्यावर रंगाची खूण, आणि जागा कायमची ठरलेली. वीट उचलली की जागा गेली. नव्या माणसाने शेवटी लागायचं, आणि शेवटच्यापर्यंत पाणी पुरतच नसे. मावशीने माझी वीट स्वतःच्या विटेमागे ठेवली आणि गल्लीतल्या बायकांच्या शिव्या खाल्ल्या.

तरी मला खुर्सीपार नकोच होतं. मुलगी मोठी होत होती. प्लँटच्या कॉलनीतल्या सेक्टर 2 मधून सायकलने जाताना रुंद रस्ते, झाडं, दारापुढची फुलं बघून वाटायचं, माणसाने राहावं तर इथे. एका क्वार्टरवाल्याने मागची खोली दिली. क्वार्टर भाड्याने द्यायला बंदी, म्हणून अट एकच, कोणी विचारलं तर त्याचा भाचा म्हणायचं. जीव धाकधुकीत होता, पण गेलो.

आठ महिन्यांत शेजारच्या बाईंनी माझ्या मुलीचं नावसुद्धा विचारलं नाही. आम्ही मात्र त्यांच्यापुढे दबून असायचो. एका रविवारी मावशी पुढच्या फाटकातून आली, पिशवीत आंबाडीची भाजी. शेजारच्या बाईंनी कुंपणावरून विचारलं, ही कोण. माझ्या तोंडून निघून गेलं की भांड्यांना बाई बघतोय.

मावशीने ऐकलं. पिशवी पायरीवर ठेवली.

"चूक झाली बापू. मले मागच्या दारानं याले पायजे होतं."

पाणीही न पिता गेली.

पुढे एकदा उद्या पाणी येणार नाही अशी बातमी उठली. सेक्टरात लोकांच्या गच्चीवर टाक्या असतात, ते निवांत झोपले. मला कुठली झोप? टँकर येईल, रांग लागेल, या धसक्याने पहाटेच मी तीन निळे ड्रम फाटकाबाहेर ओळीने लावले, आणि सर्वांत पुढे एक वीट. उजाडल्यावर पाहतो तर अख्ख्या रस्त्यावर ड्रम फक्त माझे. शेजारच्या बाईंनी खिडकीतून पाहिलं आणि फोन लावला.

दुपारी क्वार्टर तपासणारे दोघे आले. मी भाचा म्हणालो. त्यांनी मामाचं गाव विचारलं. मला सांगता येईना. मामा म्हणवणारा क्वार्टरवाला समोरच उभा होता. तो म्हणाला, चार दिवसांसाठी आसरा मागायला आले होते, ओळख अशी नाही. संध्याकाळी आमचं सामान त्या झाडांखाली होतं. बाई फुलांना पाणी घालत होत्या.

खुर्सीपारची आमची खोली दुसऱ्याकडे गेली होती. मावशीने आपल्या दोन खोल्यांपैकी पुढची रिकामी केली. सकाळी मी ड्रम घेऊन नळावर गेलो, शेवटी लागायच्या तयारीने. तिच्या विटेमागे माझी वीट तशीच होती. वरची हिरवी खूण ताजी रंगवलेली.

"मावशी, कावून ठेवली?"

"काढली असती त आज तू शेवटी उभा राहिला असता." तिने नळाला पाइप लावला. "मले मालूम होतं, तू वापस येशीन."

हे मला अजून टोचतं. तिला माहीत होतं, आणि मला नव्हतं.

त्या रविवारबद्दल मी अजून माफी मागितलेली नाही. रोज ठरवतो, आणि रोज तिचं पाणी भरून देऊन कामावर निघून जातो. पण केव्हातरी माझ्या नावाचं घर होईल, कुठल्याही वस्तीत का होईना. त्या दिवशी तिला पुढच्या दाराने आत आणीन. आणि कुंपणापलीकडून कोणी विचारलं की ही कोण, तर सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं सांगेन, माझी मावशी आहे.